रिकाम्या नळीतला उजेड

प्रयोगशाळेत तिला सगळे भाची म्हणायचे. प्रमुख तिचे सख्खे मामा, त्यामुळे तिने कितीही घाम गाळला तरी 'हिचं काय बाबा, घरचंच दुकान' असं म्हणून शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला मोकळा व्हायचा. ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणून तर पडद्यावरची ती रेघ तिला जीव की प्राण होती. ती रेघ तिची होती, मामांची नव्हे.

काम तसं सांगायला सोपं. काचेची नळी, आत धातूची गरम वाफ. तिच्यातून दोन लेसर एकाच वाटेने सोडायचे, निळा दांडगा आणि लाल मरतुकडा. निळ्याने वाफेतल्या अणूंना असं झोडपायचं की त्यांनी आपला उजेड लालच्या पदरात टाकावा आणि लाल बाहेर पडताना गुबगुबीत होऊन पडावा. पुढे काळ्या डब्यात एक नारिंगी काच, निळ्याला अडवायला. तिच्यामागे उजेड मोजणारं यंत्र, तेच पडद्यावर रेघ काढायचं. निळा लावला की रेघ टणकन वर! आज बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांना पटलं तर कायमची जागा, तीही स्वतःच्या जिवावर.

सकाळी घाईघाईत तिने एकदा चालवून बघितलं. रेघ वर गेली, रोजच्यापेक्षा जास्तच. ती हरखली. मग नळीच्या पेटीला हात लागला. थंडगार! हीटर लावायचाच राहिला होता.

हीटर नाही म्हणजे वाफ नाही. मग लालला वाढवतंय कोण?

तिने नळीच काढून ठेवली. रेघ वरच. लाल किरण पुठ्ठ्याने अडवला. रेघ जेमतेम हलली. तेव्हा तिने डब्याचं झाकण उघडलं. डोळ्यांवरचा गॉगल निळा गिळून टाकत होता, म्हणून लख्ख दिसलं. नारिंगी काच निखाऱ्यासारखी लाल फुलली होती. राखणीला बसवलेली काचच निळा पिऊन लाल उजेड ओकत होती आणि यंत्र तोच मोजत होतं.

तेवढ्यात मामा आले, नवा कोट घालून.

"मामा, ही काच चमकते."

"हं."

"हं काय? वाफेशिवाय रेघ वर जात नाही ना, ते बघायचं रिकाम्या नळीचं मोजमाप तुम्ही घेतलं होतं. 'तू नको वेळ घालवूस, मी करतो' म्हणालात. शून्य कसं आलं मग?"

मामांनी कोटाची बाही झटकली. "निळा बंद ठेवला की शून्यच येतं."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला!"

"हळू बोल. ताईला शब्द दिला होता मी, पोरीचं बघतो म्हणून. किती डोकं आपटत होतीस. तुझ्याच्याने खरं काही व्हायचं नव्हतं गं. म्हटलं, एवढ्यावर जागा मिळते तर मिळू दे."

तापल्या पोराच्या कपाळावरून हात फिरवावा तसं बोलले ते. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं तिला.

परीक्षक आले. तिने नळी हातात धरूनच रेघ वर नेऊन दाखवली, मग झाकण उघडून काच दाखवली. "माझं सगळं काम खोटं आहे. बघा."

मग थोरल्या परीक्षकांनी चष्मा पुसला.

"वा! स्वतःची चूक चारचौघांत मांडायची? सर, ही शिस्त तुमचीच."

"लहानपणापासून अशीच आहे," मामा हसले. "भाची माझी. जरा तापट आहे."

"अहो, यांना ठाऊक होतं! यांनी मुद्दाम..."

"पाणी घ्या बाई, पाणी घ्या," परीक्षक म्हणाले. "एवढं मनाला लावून घेऊ नका. जागेचं बघू काहीतरी. मामा आहेत ना पाठीशी!"

सगळे हसत मामांच्या खोलीत चहाला गेले. एक कप तिच्यासाठीही मांडला होता. बराच वेळ तिला हाका येत राहिल्या, अगदी मायेने.