एकोणीस नंबरच्या चारीचे दोन तास

गोरखने ती ओळ माऊसने निळी केली आणि डिलीटच्या बटणावर बोट ठेवून तो थांबला.

"कपिलभाऊ, चारी एकोणीसला दोन तास जादा. का, ते कुठंच लिव्हलेलं न्हाई."

कपिलने पिशवीची चेन लावली. पुण्याच्या नोकरीवर उद्या हजर व्हायचं होतं, म्हणून पाणीवापर संस्थेचा हा प्रोग्रॅम तो आज गोरखच्या हवाली करत होता. बावीस गावांच्या चाऱ्यांना कालव्यातून मिळणाऱ्या पाण्याच्या पाळ्या, तेवीस हजार ओळी, चार वर्षं. उद्या सकाळी आवर्तनाचं पाणी सुटणार होतं.

"कपाटातल्या फायलीत हाय. पान दोनशे बारा."

"ती कोण उघडतंय, राव? ओळीच्या डोक्यावरच लिव्हायचं ना."

हे कपिलला कळत नव्हतं थोडंच! पण एकोणीस नंबरची चारी त्याच्याच वस्तीची, कालव्याच्या शेपटाला. स्क्रीनवर कारण लिहिलं की लोकांची नजर जाणार, आणि गड्याने आपल्या माणसांची सोय लावली म्हणायला कितीसा वेळ लागतो? म्हणून त्याने ते जाडजूड फायलीत पुरलं होतं. भीतीच ती, दुसरं काय.

"एकोणीसवर तुमची वस्ती ना?" गोरखने विचारलं.

"व्हय."

"आन् दोन तास कापलं कुणाचं?"

"एक नंबरचं. तुमचं."

बटणावरचं बोट हललं नाही. बाहेर पाचची पुण्याची एसटी येऊन लागली. गोरख उठला, कपाटातून फाईल काढून उभ्यानेच वाचू लागला. तीन आवर्तनं कपिल घड्याळ घेऊन पाण्याबरोबर चारीच्या कडेने चालला होता. कोरडी चारी भिजून पाणी शेवटच्या वावरात पोचायला दर वेळी दोन तास लागले होते. ते तास दिले नाहीत तर तिथला कांदा वाळणार, हे उघड होतं.

गोरख खुर्चीत बसला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्याने ते कारण ओळीच्या वर उतरवलं. खाली टाईप केलं: गोरख, चारी एक.

"नाव माझं टाक. काम माझं हाय," कपिल म्हणाला.

"तुमचं नाव दिसलं तर कुणीबी ओळ खोडंल. माझं दिसलं तर आधी इचारतील तरी."

बाहेर कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि गाडी निघून गेली. कपिलने पिशवी खाली ठेवली, दुसरी खुर्ची ओढली.

"अशी कारणं आजून सात हायेत," तो म्हणाला. "फाईल इकडं दे."