टोल्याचं तोंड आणि डॉक्टरांचं घड्याळ

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. बंद पडलेलं काहीही दिसलं की यांचे हात शिवशिवतात. माझी चांगली चालणारी इस्त्री अशीच कायमची गेली.

भिंतीवरची घड्याळं वाजू लागली की आमचा कुत्रा भुंकून साथ देतो, म्हणून त्याचं नाव टोल्या. त्या दिवशी अकरा वाजले आणि टोल्या गप्प. डोकावून बघते तर त्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आणि हे डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन त्याच्यापुढे बसलेले.

"घशात हाड अडकलंय," हे म्हणाले. "मघाशी बोटानं चाचपलं. जरासा दात लागला, एवढंच."

अंगठ्यावर ओरखडा होता. मी यांचा दंड धरून ओढला.

"मागे व्हा आधी. कुत्रा पिसाळला तरी असंच दिसतं."

"अगं, आत्ताच पाणी प्यायलाय तो."

"पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतोच असं नाही. आणि गेल्या वर्षी लस टोचून आणलीत ना?"

यांनी भिंग काढलं आणि उगाच पुसत बसले.

"नेलं होतं गं. पण दवाखान्यातलं घड्याळ बंद दिसलं."

पुढचं मला कळलं. त्या दिवशी एका हातात टोल्याचा पट्टा आणि काखेत डॉक्टरांचं घड्याळ घेऊन स्वारी खुशीत परतली होती. मी कौतुकही केलं होतं.

"लस राहिल्याचं नंतर आठवलं, पण तुला सांगायची लाज वाटली."

भांडण मी राखून ठेवलं. टोल्याला मागच्या खोलीत कोंडलं आणि यांचा अंगठा साबण लावून नळाखाली धरला.

"पंधरा मिनिटं."

"झाली की."

"कुठल्या घड्याळात?" मी विचारलं. दुकानात तेवीस घड्याळं आणि तेवीस वेळा.

तिथून तडक इस्पितळात नेऊन यांना इंजेक्शनं टोचून आणली. दुपारी जनावरांचे डॉक्टर घरी आले. जाड हातमोजे घालून त्यांनी टोल्याचं तोंड तपासलं. दाढ सडली होती.

"दाढेचंच दुखणं असेल," ते म्हणाले, "पण लस चुकलीय. दहा दिवस वेगळा ठेवा. अंगावर धावला, झोकांड्या खाल्ल्या तर लगेच कळवा. आणि यांची इंजेक्शनं थांबवू नका."

त्या दिवसांत यांनी एकही घड्याळ उघडलं नाही. बंद दाराबाहेर स्टूल टाकून टोल्याशी बोलत बसायचे. मी चिडवलं नाही. भीती मलाही तेवढीच होती.

सातव्या दिवशी अकराच्या टोल्यांबरोबर आतून भुंकणं आलं. बसक्या आवाजात, पण अकराच्या अकरा. हे रडले. मीही रडले. टोल्याला मात्र दहा दिवस पुरे होईपर्यंत बाहेर काढलं नाही.

अकराव्या दिवशी लस टोचायला आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी टोल्याचा पट्टा घट्ट धरला.