एका गायीची नजर

पाठीवर गेरूचा पंजा.

कान तुटलेल्या कपात पांढरा रंग.

"धाकटे, तुझी ही गाय कमी आणि म्हैस जास्त दिसतेय गं."

खिडकीत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली.

कापडभर गायी. सगळ्या आंधळ्या.

देवामागे टांगायचं उत्सवाचं कापड दोघी बहिणी मिळून रंगवत. धाकटी गायी काढायची: शिंगांना मोरपिसं, गळ्यात घंटा, पाठीवर पंजे. डोळे मात्र थोरलीचे. ते सगळ्यांत शेवटी. डोळे उघडलेल्या गायीला पुन्हा ब्रश लावायचा नाही, हा घरचा नियम. मग कापड गुंडाळून थेट देवळात. धाकटीने कधी निरखून पाहिलंच नव्हतं.

यंदा पाहिलं. थोरलीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. नाक कापडाला टेकवून तिने काम संपवलं आणि हात धुवायला गेली. बाकी सगळ्या गायी देवाकडे बघत होत्या. एक खाली, कापडाबाहेर.

लोक ताईला हसतील. म्हणतील, म्हातारीचं संपलं आता. धाकटीने श्वास रोखून ते बुबुळ देवाकडे वळवलं.

थोरली पदराला हात पुसत आली आणि थांबली.

"हात कोणी लावला?"

"ताई, अगं, सगळ्या देवाच्या दारात आणि हिचं एकटीचं लक्ष चपलांत!"

थोरली हसली नाही. "माझा हात चुकला, असं वाटलं तुला?"

"तुझ्या डोळ्यांना अजून त्रास होतोय ना, म्हणून…"

"बरं. यापुढे डोळेही तूच काढ."

तिने आपला ब्रश धुतला, पुसला आणि धाकटीच्या कपात उभा केला. धाकटीने नंतर विनवण्या केल्या, अबोला धरला, मुद्दाम तिरळ्या गायी काढल्या. थोरली म्हणायची, "छान जमलंय."

पुढे देवळातून जुनी कापडं दुरुस्तीला आली. धाकटीने एक उलगडलं, दुसरं उलगडलं, मग सगळीच. प्रत्येकात एक गाय देवाला सोडून खाली डाव्या कोपऱ्याकडे बघत होती. आणि ही कापडं तर थोरली अंधारातही सुईत दोरा ओवायची, त्या काळातली.

"ताई…"

"काय गं?"

"काही नाही. चहा टाकू?"

थोरली डोळे काढत असताना धाकटी कायम कापडाच्या डाव्या कोपऱ्यापाशी, जमिनीवर बसून रंग घोटायची.