साठ पेट्या, चाळीस चादरी

सकाळी नवाच्या सुमाराला ट्रकच्या बॉनेटमधून वाफ निघाली, तेव्हा मी ह्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. वॉटर पंप कुरकुरतोय, हे मी निघायच्या आधी आठवडाभर सांगत होते. पण ट्रकबद्दल बायको काही बोलली की आमच्या ह्यांना ते ऐकूच येत नाही. आता ते रस्त्याकडेला उकिडवे बसून खाली गळणाऱ्या पाण्याकडे बघत होते, आणि मागे साठ पेट्यांमध्ये आमच्या मधमाश्या कोंडलेल्या होत्या.

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एका ठिकाणची फुलं संपली की पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि पुढच्या फुलांकडे न्यायच्या. ही वाट कधी दोन दिवसांची, कधी तीन. प्रवास रात्री करायचा, गाडी चालती असली की पेट्यांना वारा लागतो. उजाडलं की वस्ती नसेल अशी जागा बघून थांबायचं आणि दारं उघडायची. एकदा उघडली की संध्याकाळपर्यंत हलायचं नाही, कारण बाहेर पडलेल्या माश्या अंधार पडता पडता परततात. आणि दारं बंद ठेवून गाडी उन्हात उभी केली, तर दोन-तीन तासांत आतलं मेण वितळतं आणि माश्या गुदमरून मरतात. वीस वर्षांचं आमचं जे काही होतं ते त्या साठ पेट्यांत होतं.

पंपापायी रात्रभर गाडी हळू हाकावी लागली होती, त्यामुळे आमची ठरलेली जागा अजून दोन तासांवर होती. हे एका सिमेंटच्या गाडीला हात करून पंप आणायला शहरात गेले. "पाणी मारत राहा," एवढं सांगून गेले. कुठलं पाणी, ते काही सांगितलं नाही.

समोर एक लाँड्री होती. दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण, कडेला सिमेंटच्या टाक्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर कुठल्याशा लॉजच्या पांढऱ्या चादरी. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असलेली एक बाई चादर पिळत होती. आत तिचे सासरे इस्त्री करत होते. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती त्यांच्याशी बोलली की अख्ख्या रस्त्याला बातमी कळायची.

मी गेले ती भांडायच्या तयारीनंच. पेट्या बघितल्या की लोकांच्या तोंडचं पाणी पळतं. आमच्यावर काठ्या घेऊन आलेत लोक, पोलीस बोलावलेत, एकदा तर ताटावरून उठवून पिटाळलंय. त्यामुळे मी कुणाकडे काही धड मागतच नाही. आधीच आवाज चढवते.

हिच्यापुढे आवाज चढवायची वेळच आली नाही. तिनं पेट्यांच्या जाळीला आतून लगडलेल्या माश्या बघितल्या आणि म्हणाली, "पाणीच ना? घ्या की. पाईप पोचेल तिथपर्यंत." चादरी खंगाळायचं थांबवून तिनं नळाचा पाईप माझ्या हातात दिला. वर चहा आणून दिला, तोही बशी झाकून.

तासभर मी पाणी मारलं. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, हात खांद्यातून निखळतील असं वाटत होतं, आणि ऊन काही ऐकत नव्हतं. पेट्यांचा एरवीचा घुमणारा आवाज हळूहळू चढत चिरका झाला. खालच्या रांगेतल्या एका पेटीतून मधाचा ओघळ आला. म्हणजे मेण सुटायला लागलं होतं. आता दारं उघडण्यावाचून इलाज नव्हता.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते आणि बाहेरच्या कुणालाच नसते. माशी घरात घाण करत नाही. रात्रभर कोंडली तर रात्रभर धरून ठेवते, आणि दार उघडल्यावर बाहेर पडून पहिलं काम तेच करते, उडता उडता. साठ पेट्यांत मिळून दहा लाखांच्या वर माश्या. त्यांचे डाग हळदीसारखे पिवळे, चिकट, सहजी न निघणारे. आणि समोर चाळीस ओल्या पांढऱ्या चादरी.

"ताई, दारं उघडावी लागतील," मी म्हणाले.

"चावतील का हो?"

"पेट्यांजवळ गेलं नाही तर नाही चावत. सासऱ्यांना तेवढं आतच बसू द्या."

"मग उघडा ना. बिचाऱ्यांचा जीव चाललाय."

तिनं चावण्याचं विचारलं, मी चावण्याचं सांगितलं. चादरी काढून घ्या, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला वाटलं, हे ऐकलं की ही नाही म्हणणार. कुणीही म्हणेल. मी गप्प बसले आणि एकेक दार उघडत गेले.

अर्ध्या तासानं तिची हाक आली. "ताई, हे काय पडतंय हो वरून?"

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चादरीचादरीवर पिवळ्या रेघोट्या उठल्या होत्या. "झाडाचं काहीतरी असेल," मी म्हणाले.

तिनं इकडे तिकडे बघितलं. जवळपास एकही झाड नव्हतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि चादरी ओढून पुन्हा टाकीत टाकायला लागली. मीही बाह्या सरसावून टाकीपाशी बसले. घासून घासून बोटं सोलवटली तरी डाग जेमतेम फिके होत होते. तिनं दोनदा मला म्हटलं, तुम्ही रात्रभर जाग्या आहात, जरा पडा आत जाऊन. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मोठी खरं बोलणारी म्हणून नव्हे. खोटं सांभाळायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्यात उरली नव्हती.

"हे माश्यांचं आहे," मी म्हणाले. "कोंडलेल्या सुटल्या की असंच करतात."

तिचे हात थांबले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"दारं उघडायच्या आधी?"

"हो. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"नाही कशाला म्हणेन?" ती म्हणाली. "चादरी काढून आत टाकल्या असत्या. ओल्या तर ओल्या. पाच मिनिटांचं काम. एक शब्द बोलायचात."

"काय झालं गं?" सासरे आतून ओरडले.

"काही नाही, बाबा!" तीही ओरडली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसून चादरी घासत राहिलो. ती चिडून चार शब्द बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

तीनला हे पंप घेऊन आले, चारला ट्रक सुरू झाला, आणि स्वारी खुशीत. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. माश्या परतेपर्यंत निघता येत नव्हतं, म्हणून ते सीटवर आडवे झाले आणि घोरायला लागले.

पाचला लॉजची गाडी चादरी न्यायला आली. सासऱ्यांनी इस्त्रीनं वाळवून वाळवून वीस कशाबशा तयार केल्या होत्या. उरलेल्या खोलीभर पसरल्या होत्या, पिवळ्या छटेसकट. लॉजचा मॅनेजर एकेक उचलून उजेडात धरून बघत होता. ट्रक जरा आडोशाला होता, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हे डाग कसले?"

"वाळवताना माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली.

"चूक? आज खोल्या भरल्यात माझ्या. त्यांना काय उघड्या गाद्यांवर झोपवू?" तो चांगला दहा मिनिटं बोलत होता. पुढच्या आठवड्यापासून कपडे दुसरीकडे टाकू, असंही म्हणाला. ती खाली मान घालून ऐकत होती. मी ट्रकच्या पायरीवरून उठले आणि त्याच्याकडे निघाले. तिनं त्याच्या पाठीमागून माझ्याकडे बघितलं आणि हातानंच खाली बस म्हणून खूण केली. मी बसले. आता वाटतं, इतक्या पटकन बसायला नको होतं.

तो वीस चादरी घेऊन गेल्यावर मी तिच्यापाशी गेले. "माझं का नाही सांगितलंत? मी येतच होते सांगायला."

"त्याला कळलं असतं तर त्यानं तुम्हाला आत्ताच्या आत्ता गाडी काढायला लावली असती. आणि त्या अजून बाहेर आहेत ना?" ती दोरी पुसत म्हणाली. "तुमच्यासाठी नाही केलं मी ते."

मी आले तशी परत फिरले.

उजेड कमी झाला तशा माश्या परतायला लागल्या. हे डोळे चोळत उतरले आणि एकेका पेटीचं दार बंद करत म्हणाले, "भली माणसं भेटली, नाही? दिवसभर थांबलो, कुणी हाकललं नाही."

खरं होतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला कुणी हाकललं नव्हतं, आणि तिथून कधी एकदा निघते असं मला झालं होतं.