पुडीतली दमवेल

ऋजुता चिडलीच होती. गिंडीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं ती दम्यासाठी दमवेलीची पानं तपासत होती, आणि आज तिच्या मार्गदर्शक विशालाक्षी मॅडम म्हणत होत्या, बाबांच्या पुडीशेजारी स्टेरॉइडचाही ठिपका ठेव! म्हणजे काय, सुब्बा वैद्य चोर आणि आपण बावळट?

पुडी तिनंच तर सुब्बाकडून आणली होती. नुसत्या दमवेलीचं चूर्ण, असं वैद्यानं देवाशपथ सांगितलेलं. आणि गुण आलाच की! तिचे बाबा, पुरुषोत्तमराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. चार पायऱ्या चढले की कठडा धरून उभे राहायचे. सहा महिन्यांत तेच एग्मोरच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायला लागले. गालही वर आले. "औषध अंगी लागलं हो!" म्हणत आई त्यांची दृष्ट काढायची. गेल्या रविवारी मॅडम जेवायला आल्या, त्या मात्र त्या गोल गालांकडे बघत राहिल्या. स्टेरॉइडनं चेहरा असाच सुजतो, असं त्यांचं आज म्हणणं.

तिनं तपासणीच्या पट्टीवर तीन ठिपके दिले: पानांचा अर्क, पुडी, स्टेरॉइड. पट्टी द्रावणात उभी केली. ओल सावकाश वर चढली, तिच्याबरोबर ठिपकेही वर सरकले. पट्टी वाळवून तिनं ती दिव्याखाली धरली.

पुडीचा ठिपका स्टेरॉइडच्या बरोबर रांगेत होता. आणि दमवेलीची खूण दिसायला हवी होती तिथं काहीच नव्हतं.

"मेल्या सुब्बा, तुझं वाटोळं होवो!"

"शिव्या नंतर दे," मॅडम म्हणाल्या. "आधी घरी फोन लाव. पुडी एकदम बंद करू नका म्हणावं. इतके महिने स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबतं. अचानक तोडलं तर जिवावर बेतेल."

फोनवर आई रडत होती. "अगं, बंद करून आज पाचवा दिवस! ठणठणीत झालो, आता पुड्या कशाला, म्हणाले. सकाळपासून उलट्या होताहेत गं, हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत. मी दवाखान्यात आणलंय त्यांना."

रिक्षा माउंट रोडच्या गर्दीत अडकली. "सीक्रम, अण्णा, सीक्रम!" ती ओरडत राहिली, पण बिचारा रिक्षावाला लवकर जाणार कुठून!

दवाखान्यात सलाईन चालू होतं आणि रक्तदाब काही वर येत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, औषधं कुठली घेतात?

"औषध नाही हो," आई म्हणाली. "नुसता झाडपाला."

ऋजुताला वाटलं, आईसमोर कसं बोलायचं?

"स्टेरॉइड, डॉक्टर. सहा महिने रोज. पाच दिवसांपूर्वी बंद केलं. मीच आणून देत होते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. डॉक्टर स्टेरॉइडच्याच इंजेक्शनसाठी नर्सवर ओरडले.

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. लेकीला बघून हसले. "तुझ्या दमवेलीनं यमालाही परतवलं बघ."

आता मात्र तिला रडू आवरेना. "बाबा, त्यात दमवेल नव्हतीच. नुसतं स्टेरॉइड होतं. म्हणून तर बंद केल्यावर असं झालं."

बाबांचं हसू मावळलं. मग त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"ऋजू, उरलेल्या पुड्या मी महेशला दिल्या गं, शेजारच्या. त्याच्या धाकटीला दमा आहे ना. घेत नव्हता तो. माझ्या लेकीच्या लॅबचं औषध आहे, बिनधास्त दे, असं मीच सांगितलं."

ऋजुतानं पर्समधून फोन काढला. महेशचा नंबर लावला.