हेड, ईडीआय यांची चौकशी

चार वर्षांत ब्लेसीला तीन बढत्या मिळाल्या आणि तिसरीनंतर तिच्या हातात येणारा पगार सात हजारांनी कमी झाला. शिरूरच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी रविवारी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली, नव्या हुद्द्यासकट. तिच्या आईनं, कृपाबाईनं, उपकारस्तुतीच्या पाकिटात एक हजार घातले. म्हणजे एकूण घाटा आठ हजारांचा झाला.

कंपनी मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायची. एक कारखाना शिरूरच्या बाजूला, दुसरा दौंडच्या. ब्लेसी शिरूरच्या कारखान्यात ईडीआय सांभाळायची. ईडीआय म्हणजे काय, हे तिनं आईला एकदा समजावून सांगितलं होतं. गिऱ्हाईकाचा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरला ऑर्डर पाठवतो. माल निघाला की आपला कॉम्प्युटर त्याला निरोप धाडतो, अमुक गाडी, तमुक नग. मधे कागद नाही, फोन नाही, माणूस नाही.

"मग तू काय करतेस?" कृपाबाईनं विचारलं.

"मधे माणूस नाही ना, ते बघते."

ती लागली तेव्हा 'ईडीआय ऑपरेटर' होती. पहिल्यांदा पगारवाढ मागितली, तर 'एक्झिक्युटिव्ह' मिळालं. दुसऱ्यांदा मागितली, तर 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह'. तिसऱ्यांदा तिनं जरा आवाज चढवला, म्हणून थेट 'हेड, ईडीआय'. पगार जागचा हलला नव्हता. विभागात माणसं एकूण एक होती आणि तिची प्रमुखही आता तीच होती.

खरी गंमत पुढच्या महिन्यात कळली. हेड हे साहेबांचं पद, आणि साहेबांना ओव्हरटाइम नसतो. गाडी रोज रात्री आठला निघायची, ब्लेसीची पाळी सहाला संपायची. मधल्या दोन तासांचे दुप्पट दरानं जे पैसे यायचे, त्यावरच घरभाडं भागत होतं. तास तेच राहिले, पैसे तेवढे गेले.

ती एचआरच्या सत्यजीतच्या काचेच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मला ऑपरेटर करा."

"कुणाला?"

"मला. हेडवरून खाली घ्या. अर्ज आणलाय."

"अगं, वर चढायला लोक माझ्या पाया पडतात."

"मी उतरायला पडणार नाही."

सत्यजीतनं तोंडात बडीशेप टाकली आणि अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा पुरेसं हसून झालं नव्हतं.

"खालच्या पदावर टाकणं ही शिक्षा असते, ब्लेसी. शिक्षेला गुन्हा लागतो. तुझं रेकॉर्ड तर धुतल्यासारखं आहे."

"गुन्ह्यांची यादी असेल ना? द्या, एक निवडते."

"चेष्टा करतेस माझी?"

"सात हजारांची तुम्ही केलीत, तेव्हा मी काही बोलले?"

त्याचं हसू मावळलं. "ऐक. गुन्हा केलास तरी चौकशी विभागप्रमुख करतो आणि शिक्षाही तोच देतो. नियम सतरा. तेव्हा जा, तुझ्या विभागाचा प्रमुख कुठे भेटतो बघ आणि रड त्याच्यापुढे. नाहीतर राजीनामा टाक. तुझ्या जागेवर शंभर पोरी येतील."

"एवढ्या पगारात?"

"हेड म्हटलं की येतात."

ब्लेसीनं नियम सतराची प्रत मागितली, शिक्क्यासकट. सत्यजीतला हेही इतकं विनोदी वाटलं की त्यानं दोन शिक्के मारले.

गुरुवारी सहा वाजता ब्लेसी कॉम्प्युटर बंद करून कंपनीच्या बसनं घरी गेली. फोनही बंद ठेवला. आठला गाडी निघाली. निरोप निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला ती कामावर आली, तर डिस्पॅचचा विक्रम दारातच उभा. हा निमोण्याचा. घाबरला की त्याचा आवाज बारीक व्हायचा. आज तो शिट्टीसारखा झाला होता.

"म्याडम, गाडी पहाटंपासनं गिऱ्हाइकाच्या गेटवर हुबी हाय! गार्ड आत सोडंना. म्हनतो, गाडी रिकामी हाय."

"रिकामी आहे का?"

"आवो, चार हजार बिजागऱ्या हायती! ड्रायव्हरनं ताडपत्री वर करून दावल्या. गार्ड म्हनला, मला दिसतंय रे बाबा, पन कॉम्प्युटरला न्हाई दिसत."

"बरोबर आहे त्याचं."

"त्यांची लाईन बंद पडली आन् तुमी बरोबर काय म्हनता! निरोप का न्हाई धाडला?"

"निरोप ऑपरेटर धाडते. तिला विचार."

विक्रमनं खोलीत नजर फिरवली. कुठं काही राहू नये म्हणून टेबलाखालीही बघितलं. "तुमीच की ती."

"मी हेड. काल हेडनं ऑपरेटरला सांगितलं, ओव्हरटाइम नाही तर सहानंतर थांबायचं नाही. ऑपरेटर गरीब, तिनं ऐकलं. आता ती कामावर आली आहे. सरक जरा."

नऊ वाजून पाच मिनिटांनी निरोप गेला आणि गाडी, गार्डच्या मते, अचानक भरली.

दहाला सत्यजीत आला. दार आपटलं, पण ते आपोआप हळू मिटणारं दार होतं, त्यामुळे त्याला मधेच थांबून वाट बघावी लागली.

"मुद्दाम केलंस! चार तास त्यांची लाईन बंद! दंड लावलाय त्यांनी. आजच्या आज हाकलतो तुला."

"चौकशीशिवाय? नियम सतरा काय म्हणतो?"

"कोण करणार तुझी चौकशी?"

"झाली," ब्लेसी म्हणाली आणि दोन पानं पुढे सरकवली.

सत्यजीतनं वाचलं. चौकशी अधिकारी, ब्लेसी, हेड, ईडीआय. आरोपी, ब्लेसी, हेड, ईडीआय. आरोपी वेळेवर हजर राहिली. आरोपीनं गुन्हा कबूल केला, मात्र पश्चात्ताप दाखवला नाही. आरोपी अधिकाऱ्यांशी उर्मटपणे बोलली, त्याबद्दल तिला तोंडी समज देण्यात आली. ऑपरेटर निर्दोष असून तिनं वरिष्ठांच्या आदेशाचं पालन केलं. शिक्षा, तात्काळ ऑपरेटर पदावर रवानगी. खाली सही आणि सोबत नियम सतरा, दोन शिक्क्यांसह.

"स्वतःची चौकशी स्वतः करतं का कुणी? वेड लागलंय का तुला?"

"विभागप्रमुखानं करायची, असं तुम्हीच शिक्का मारून दिलंय. तुम्हाला दुसरा प्रमुख माहीत असेल तर सांगा."

"फाडून टाकीन हे!"

"फाडा. दौंडला आप्पांना सकाळीच मेल केलंय."

आप्पा म्हणजे मालक मारुतराव. ते दौंडच्या कारखान्यात बसायचे. सत्यजीतचा फोन तेवढ्यात वाजलाच. आप्पा फोनवर बोलायचे तेव्हा स्पीकर लावायची गरज नसायची.

"सत्यजीत, कागूद वाचला मी. गिऱ्हाईक सकाळपासनं डोकं खातंय, चुकलं त्याच्यावर कारवाई काय केली, लिहून द्या म्हनून. ह्यो झकास हाय. चौकशी झाली, आरोपीनं कबूल बी केलं, शिक्षा बी दिली. रात्री चूक आन् सकाळी शिक्षा! मी तर आसाच धाडून दिला त्यांना. लई खूश झाले."

"आप्पा, पण ती पोरगी…"

"ती झाली की ऑपरेटर. आता हेड कोन?"

सत्यजीतनं दुसरं पान उलटून बघितलं.

"आरं, गिऱ्हाइकाच्या यादीत हेडचं नाव लागतं. जागा रिकामी न्हाई ठेवता येत. तूच व्हय."

"मी? आप्पा, मग पगाराचं…"

"पगार हाय की तुला. पद वाढलं न्हाई का?"

फोन बंद झाला. विक्रम भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

संध्याकाळी सहाला ब्लेसीनं ओव्हरटाइमची स्लिप सत्यजीतपुढे ठेवली. दोन तास. हेडची सही लागत होती.

"नाही करत," सत्यजीत म्हणाला. "जोवर मी हेड आहे, तोवर तुला एका मिनिटाचा ओव्हरटाइम मिळणार नाही. जा घरी."

"बरं." तिनं पर्स उचलली. "आठची गाडी आहे. निरोप तुम्ही पाठवा."

"पाठवतो. त्यात काय असतं?"

तो तिच्या खुर्चीवर जाऊन बसला. स्क्रीनवर आकड्यांच्या ओळी होत्या. त्यानं एक बटण दाबलं. कॉम्प्युटर ओरडला. दुसरं दाबलं, तसा तो जास्त ओरडला आणि लाल झाला. ब्लेसी दारात उभी राहून बसची वेळ बघत होती.

विक्रमनं डोकं आत घातलं. "साहेब, माल भरला. गाडीला निरोप मिळंल ना आज? न्हाई म्हंजी, ड्रायव्हर ईचारतोय, डबा घेऊ का दोन येळंचा?"

सत्यजीतनं स्लिप ओढली आणि इतक्या जोरात सही केली की पेन कागदातून आरपार गेलं.

"एक दिवस मी तुला इथून घालवणार, ब्लेसी. लक्षात ठेव."

"ठेवते. ही फाटली, सर. फाटकी स्लिप अकाउंट्सवाले घेत नाहीत." तिनं दुसरी पुढे केली.

त्यानं दुसरीवर सही केली.

"आता उठा. ऑपरेटरची खुर्ची आहे ती."