मिठावाचून अडलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. देवळाचा नव्हे, गोठ्याचाही नव्हे. निपाणीजवळच्या एका गावात राहणाऱ्या ब्राह्मीआक्कांच्या लहान आतड्यात, एका पेशीच्या पडद्यात बसवलेला मी इवलासा दरवाजा. डोळ्यांना दिसत नाही म्हणून हसू नका. खाल्लेलं अंगी लागतं ते आमच्यामुळंच.

पेशीचा पडदा मोठा चोखंदळ. प्राणवायूला तो अडवत नाही, पाण्यालाही वाट देतो. साखरेला मात्र माझ्याच दारात यावं लागतं. आणि ती एकटी आली तर मी ढिम्म हलत नाही! सोबत मीठ हवं. दोघं जोडीनं आली की मी उघडतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आपसूक आत येतं. खोड म्हणा हवं तर, पण माझी घडणच तशी.

माझा जन्म गुरुवारचा, आतड्याच्या एका खोलगट खळग्यात. खालून नव्या पेशी रेटतात, आम्ही वर सरकतो, आणि टोकाला पोचलो की गळून पडतो. चार-पाच दिवसांचा खेळ सगळा. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. भाकरी यायची, आमटी यायची, ताक यायचं. मला उसंत नव्हती.

शनिवारी आक्का पाव्हण्यांकडं जेवून आल्या आणि रात्रीपासून जुलाब लागले. रविवारी सकाळी त्यांचं तोंड सुकलं, पायांत गोळे येऊ लागले. मी इथं आतून सगळं ऐकत होतो.

"आत्ती, डॉक्टर फोनवर म्हणाले, साखर-मीठ-पाणी घोटघोट द्या," सून दीप्ती म्हणाली.

"आज वार कुठला गं?"

"रविवार."

"मग मीठ न्हाय. लग्न झाल्यापास्नं रविवारचा मीठत्याग पाळलाय. आजच मोडू व्हय?"

दीप्ती सासऱ्यांकडं गेली. धनपाल आप्पा म्हणजे शब्दाला पक्का माणूस. आक्कांचा नेम मिठाचा, तर आप्पांचा खोटं न बोलण्याचा.

"मामा, चिमूटभर टाकते. त्यांच्या जिभेला आत्ता चव कुठं कळतीया? इचारलं तर तेवढं न्हाय म्हणा."

"खोटं बोलू? आणि तिच्या नेमावर? न्हाय गं पोरी, माझ्यानं व्हायचं न्हाय."

बिचारी दीप्ती! मीठ नाही तर नाही, साखर तरी पोटात जाऊ दे म्हणून तिनं पाण्यात दुप्पट साखर ढवळली. प्रेमानंच केलं हो तिनं, पण ती साखर माझ्या दारात येऊन खोळंबली. मी अडलो. वर त्या साखरेनं अंगातलंच पाणी बाहेर ओढलं, आणि जुलाब आणखी वाढले. अहो, मिठाचा खडा टाका, म्हणून मी जीव तोडून ओरडलो असतो. पण मला उघडता येतं, बोलता येत नाही. एवढी हळहळ मला दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

दुपारी आक्कांची शुद्ध हरपली, तेव्हा कुठं गाडी निघाली. दवाखान्यात सलाईन लावलं. सलाईन म्हणजे काय, मिठाचंच पाणी की! माझ्या दारातून नाही, शिरेतून गेलं. रक्तातून फिरत ते माझ्यापर्यंत पोचलं, पण मागच्या बाजूनं. "जीव वाचला," डॉक्टर म्हणाले, "पण मूत्रपिंडांना मार बसलाय. सकाळीच मीठ-साखर पोटात गेली असती तर ही वेळ आली नसती."

संध्याकाळी आक्कांनी डोळे उघडले.

"आवो, ह्या बाटलीत मीठ न्हाय न्हवं?"

आप्पांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"न्हाय गं. औषध हाय."

जे खोटं सकाळी चिमटीएवढं होतं, ते आता बोलावं लागलं. आप्पा, सकाळी का नाही हो बोललात?

आज सोमवार. दीप्तीनं मीठ घालून पेज आणलीय. मीठ आलंय, पेजेतल्या तांदळाची साखर होऊन आलीय, आणि मी टोकावरून सुटत चाललोय. माझ्या खालचे दरवाजे आता उघडतील. त्यांनी तरी आक्कांना सांभाळावं. माझ्या वाट्याला एकच रविवार आला, तो मी बंद राहून घालवला.

जाता जाता आक्कांचं बोलणं कानी पडलं. पेजेचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आवो, काल मी शुद्धीवर नसतानाबी माझा नेम तुम्ही राखलासा. लई उपकार झालं."

"घे, आणिक एक घोट घे," आप्पा म्हणाले.